न्हाई म्हणायची सोय

आमच्या जालना जिल्ह्यात दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणण्याची पद्धत नाही. पाणी मिळेल, चहा मिळेल, बसायला सतरंजी अंथरली जाईल, पण सरळ नकार काही मिळायचा नाही. नकार असतो, भरपूर असतो, फक्त तो वेगळे कपडे घालून येतो. "बघू." "सांगतो तुम्हाला." "मालक घरी नाहीत." आणि सगळ्यांत सभ्य म्हणजे, "उद्या या."

हे शिक्षण मला आमच्या दुकानात मिळालं. आम्ही मूळचे राजस्थानचे, पण जालन्यात कापडाचं दुकान टाकून पिढ्या लोटल्या. माझे वडील बजरंगलालजी वर्गणी मागायला आलेल्यांना जन्मात कधी नाही म्हणाले नाहीत. गादीवर बसवायचे, लेकराबाळांची चौकशी करायचे आणि शेवटी हात जोडून म्हणायचे, "भाऊ, कल आना." हिंदीत कल म्हणजे कालही आणि उद्याही, त्यामुळे नेमकं कधी यायचं हा प्रश्नच मिटायचा. वर्गणीवालेही इथलेच. ते समजायचे आणि पुन्हा यायचे नाहीत.

अशा घरात वाढून मी धंदा निवडला तो लोकांच्या दारात जाऊन प्रश्न विचारण्याचा. एखादी संस्था गावात काही काम करते, तर त्या कामाचा लोकांना खरंच उपयोग झाला का, हे तिसऱ्या माणसाने तपासून सांगायचं असतं. तो तिसरा माणूस मी. कागदावर याला मूल्यमापन म्हणतात. माझी आई भगवतीदेवी याला दुसऱ्यांच्या चुलीत डोकावणं म्हणते, आणि मी तिच्याशी वाद घालत नाही, कारण ती अगदीच चूक नाही. म्हणूनच माझ्याकडे काम करायला येणाऱ्या प्रत्येक पोरीला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावते. आपल्याला विचारायची मुभा आहे, उत्तर मिळण्याचा हक्क नाही. सांगायचं की नाही, हा हक्क समोरच्या माणसाचा. तो हिरावून घेऊन केलेला अभ्यास कितीही देखणा असला तरी ती चोरीच.

गेल्या हिवाळ्यात आम्ही भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईला होतो. एका संस्थेने तिथल्या बायकांना विहिरीवरच्या मोटारी भरायला शिकवलं होतं. मोटार भरायची म्हणजे जळालेली तार काढून तिथे तांब्याच्या तारेचं नवं वेटोळं घालायचं. रब्बीच्या दिवसांत लाईट कमीजास्त होते, मोटारी जळतात, आणि हरभऱ्याला पाणी द्यायचं राहिलं की शेतकऱ्याला तोंडाला घास गोड लागत नाही. काम मोठं अक्कलहुशारीचं होतं, मला ते मनापासून आवडलं. त्या शिकवणीचं मूल्यमापन करायला मी आणि पायल गेलो होतो. पायल पुण्याची, नुकतीच शिकून आलेली, कामाला वाघ. दोष एवढाच, की लोक जे बोलतात तेच त्यांना म्हणायचं असतं असा तिचा समज होता.

आम्ही राहायला होतो झुंबरबाईंकडे. देवळाच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, देवीला येणाऱ्या लोकांना त्या खोली देत. बाजरीची भाकरी, ठेचा आणि वर गुळाचा खडा, असं जेवण दोन्ही वेळा. मी तर मनातल्या मनात काम लांबावं अशी प्रार्थना करू लागले होते.

पहिले दोन दिवस मी आसपासच्या वाड्यांवर फिरले आणि गावातल्या मुलाखती पायलवर सोपवल्या. तिसऱ्या दिवशी जेवताना ती खुशीत सांगू लागली की सगळ्यांनी हो म्हटलंय, एकीनेही नकार दिला नाही, फक्त बेबीनंदाची मुलाखत तेवढी राहिलीये. ती फार कामात असते. पहिल्या दिवशी संमतीच्या कागदावर सही केली, चहा दिला आणि म्हणाली, उद्या या. दुसऱ्या दिवशी गेले तर पुन्हा चहा, पुन्हा उद्या या. आजही तसंच. उद्या नक्की होईल.

झुंबरबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. त्या माझ्याकडे बघायला लागल्या, मी त्यांच्याकडे, आणि दोघींनाही हसू आवरेना. पायलचा चेहरा उतरला तेव्हा मी गप्प झाले, पण झुंबरबाई कुठल्या गप्प बसायला.

"पोरी," त्या म्हणाल्या, "ती तुला तीन दिसांपासून न्हाई म्हनून राह्यली. तुला ऐकूच यीना."

पायल म्हणाली, पण तिने सही केलीये. मी म्हटलं, दारात आलेल्या पोरीने कागद पुढे केला, तर आपल्याकडे कोण ढकलून देतं? सही केली की पाहुणी उठेल, म्हणून केली सही. पायलने ताटातला घास तसाच ठेवला आणि जे विचारलं त्याने माझं जेवणच उडालं. ती म्हणाली, "मग कनिकाताई, बाकीच्या ज्या हो म्हणाल्या, त्या खरंच हो म्हणाल्या का?"

याला म्हणतात शहाण्या पोरीला कामावर घेणं. मला राग आला, आणि तो तिच्यावर नव्हता. दुसऱ्यांना हक्काचे पाठ देत फिरणारी मी, जिथे नाही म्हणायची सोयच नाही तिथे जाऊन होकार गोळा करत होते. ज्या गावात नकार देता येत नाही, तिथल्या होकाराला तरी काय अर्थ राहिला?

दुसऱ्या दिवशी सकाळी रामप्रसाद आला. हा गावातला, चांगल्या बागायतदार घरातला, संस्थेचं इथलं काम तोच बघायचा. माणूस दिलाने चांगला. शिकवणीसाठी स्वतःची शेड त्याने फुकट दिली होती, आणि बायकांच्या हातात पक्कड दिली म्हणून भावकीतली टिंगलही सोसली होती. पण त्या सकाळी तो काळजीत होता. संस्थेला पैसा देणारे लोक आमचा अहवाल वाचून ठरवणार होते, की बायकांची दुसरी तुकडी घ्यायची की नाही. आणि त्यांना हवी होती बेबीनंदाची गोष्ट. फोटोसकट.

"मॅडम, तिच्याबिगर रिपोर्टाला काय अर्थ हाय?" रामप्रसाद म्हणाला. "नवऱ्याकडून माघारी आलेली बाई, आज सोताचं दुकान चालवून राह्यली. तिकडं काय काय सोसलं तिनं, तुमाला म्हाईत न्हाई. पहिल्यांदा त्यानं..."

मी त्याला तिथेच थांबवलं. म्हटलं, ती गोष्ट तिची आहे, सांगायची असेल तर ती सांगेल. तुमच्या तोंडून मला ऐकायची नाही. त्यामुळे पुढे काय होतं ते मला आजही ठाऊक नाही, आणि तुम्हालाही सांगता यायचं नाही.

तो दुखावला. मग म्हणाला, काही अडचण नाही, मीच तिला बोलावून आणतो, माझा शब्द ती मोडणार नाही. मी म्हटलं, तीच तर अडचण आहे. तुम्ही तिला शिकायला शेड दिली, शिकवणीत नाव घातलं, गिऱ्हाइकं मिळवून दिली. तुमचा शब्द ती मोडू शकत नाही, म्हणूनच तुम्ही तो टाकायचा नाही. रामप्रसादला हे पटलं नाही. त्याच्या मते माणसाने उपकार जाणून दोन शब्द बोलावेत, त्यात काय एवढं. आणि खरं सांगू, त्याच्या जागी मी असते तर मलाही असंच वाटलं असतं. दुसऱ्या तुकडीत यायला त्याची चुलत बहीण आकांक्षा टपून बसली होती.

त्या दुपारी आम्ही सगळ्या बायकांना रेणुकाईच्या देवळाच्या मंडपात बोलावलं. हिवाळ्यातलं ऊन, पाठ शेकत बसलेल्या बायका, कुणाच्या मांडीवर लेकरू, कुणाच्या पदरात सोलायला आणलेले हरभऱ्याचे घाटे. मी उभी राहून सांगितलं की आमचं चुकलंय. तुमच्या दारात येऊन, तुमचा चहा पिऊन आम्ही विचारलं, त्यामुळे तुम्हाला नाही म्हणायला जागाच उरली नाही. आता आम्ही कुणाच्या दारात येणार नाही. उद्या दिवसभर इथे बसू. बोलायचं असेल तिने यावं. आधी बोललेलं परत घ्यायचं असेल तिनेही यावं, तिच्यासमोर आम्ही ते पुसून टाकू. आणि जिला यायचंच नाही, तिने शेतात काम आहे, पाहुणे आलेत असं काहीही सांगायची गरज नाही. नुसतं नाही म्हटलं तरी पुष्कळ.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हणाली, आसं कसं म्हनायचं तोंडावर. मग मला एक युक्ती सुचली. मी म्हटलं, चला, तालीम करू. आणि पहिल्या रांगेत बसलेल्या झुंबरबाईंपुढे हात केला.

"मावशी, तुमच्या हातातल्या पाटल्या मला द्या."

झुंबरबाई दचकल्या. मग म्हणाल्या, "देल्या आसत्या गं माय, पन निघतच न्हाईत."

हशा पिकला. मी म्हटलं, साबण लावून काढू. त्या म्हणाल्या, लेकीला विचारावं लागेल. मी म्हटलं, लावा तिला फोन. त्या म्हणाल्या, सण तोंडावर आलाय, सण झाल्यावर बघू. आता सगळ्या बायका ओरडायला लागल्या, न्हाई म्हना, मावशे, न्हाई म्हना. झुंबरबाईंनी पदर तोंडावर घेतला, दोनदा खाकरल्या आणि पदराआडून कशाबशा म्हणाल्या, "न्हाई." मग लगेच पदर काढून, "पन जेवायला घरीच ये."

त्यानंतर मात्र त्या खेळाला रंग चढला. कुणी शेजारणीची शेळी मागितली, कुणी सून मागितली. एकीने चक्क दुसरीचा नवरा मागितला, तेव्हा ती पटकन म्हणाली, "जल्दी घेऊन जा," आणि देवीसुद्धा आत हसली असेल. बायका हसून हसून डोळे पुसत होत्या आणि न्हाई, न्हाई म्हणत होत्या. इतका गोड नकार मी जन्मात ऐकला नव्हता. मला त्या क्षणी माझं काम फार आवडलं.

बेबीनंदा तिथे नव्हती. पण देवळासमोरच तिचं दुकान. पत्र्याच्या सावलीत ती मोटार उघडून बसली होती, तार ओढत होती, आणि मंडपात काय चाललंय ते तिला सगळं ऐकू जात होतं. तिने मान वर केली नाही. रात्री पायलने विचारलं, ती येईल का? मी म्हटलं, आली नाही तर तेही उत्तरच. पण मला आतून वाटत होतं की तिने न येता सुटू नये. न येणं म्हणजे पुन्हा 'उद्या या'च झालं. तिला लपावं लागू नये, असं मला फार मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या तुकडीचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. ती तुकडी मंजूर झाली. कारण तालमीच्या दुसऱ्या दिवशी मंडपात बायका जे बोलल्या, तसं त्या घरी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. काहींनी आधीचं सगळं पुसायला लावलं, आणि पुसताना पायलचा जीव तीळ तीळ तुटत होता, पण तिने पुसलं. ज्या राहिल्या त्या मोकळ्या झाल्या. शिकवणीची वेळ स्वयंपाकाच्या वेळेवर येते, एकटीने शेतावर जाऊन मोटार उतरवायला भीती वाटते, जोडीने पाठवा, असं बरंच काही. दोष काढले म्हणून काम खोटं ठरलं नाही, उलट खरं ठरलं. नव्या तुकडीत आकांक्षा आहे, आणि बायका आता जोडीने शेतावर जातात.

पण तेव्हा हे काही माहीत नव्हतं. दुपार कलली तरी बेबीनंदाचा पत्ता नव्हता. रामप्रसाद खांबाला टेकून बसला होता. मी त्याला दोनदा सुचवलं की घरी जा, पण तो म्हणाला, मी काही बोलत नाही, बसलोय फक्त. आणि तेवढ्यात ती उठली. हात चिंधीला पुसत, रस्ता ओलांडून, चपला काढून मंडपात आली. मोटारीच्या तारेला लावायच्या वार्निशने काळी पडलेली बोटं, कपाळावर घाम. रामप्रसादचा चेहरा उजळला. तो उठून तिच्यासाठी सतरंजी झटकायला लागला.

ती बसली नाही. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, मला माझं काही न्हाई सांगायचं," ती म्हणाली. "फोटू बी न्हाई."

तिचा आवाज जरा कापत होता. रामप्रसादच्या हातातली सतरंजी तशीच राहिली. मी म्हटलं, बरं.

ती थांबली. आता मी समजावेन, गळ घालेन, तुमच्यामुळे दुसऱ्या बायकांचं भलं होईल वगैरे सांगेन, अशी तिची तयारी असावी. पुढच्या उत्तराची जुळवाजुळव तिच्या चेहऱ्यावर दिसत होती. मी काहीच बोलले नाही, तशी ती गोंधळली.

"बरं म्हंजे?"

"बरं म्हणजे बरं," मी म्हटलं. "तुम्ही नाही म्हणालात, विषय संपला. सही केलेला कागद आपण फाडून टाकू. उद्या कुणी येणार नाही."

पायलने कागद तिच्या हातात दिला. तिने तो स्वतः फाडला, तुकडे मुठीत धरले. रामप्रसाद हळूच म्हणाला, "बेबी, दोन शब्द बोलली आसती तर..." ती वळली आणि त्याला भाऊ म्हणूनच, पण सरळ म्हणाली, "न्हाई, भाऊ." पहिल्यापेक्षा हे सोपं गेलं तिला. रामप्रसाद सतरंजीची घडी घालत बसला. घडी झाल्यावर तो मला म्हणाला, मंग बाकीच्यांचं तरी बराबर लिहा. माणूस चांगला, म्हटलं ना मी.

मला वाटलं ती आता जाईल. पण ती माझ्या शेजारी येऊन टेकली आणि विचारू लागली की आता रिपोर्टात तिच्याबद्दल काय लिहिणार. मी सांगितलं, एका बाईने बोलायला नकार दिला, एवढंच. नाव येणार नाही. जी नाही म्हणते तिचं नाव आम्ही बाहेर फुटू देत नाही, तसा नियमच आहे.

"नियम कोनासाठी हाय?"

"तुमच्यासाठी. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून."

"माझ्यासाठी हाय ना? मंग मी सांगून राह्यले, माझं नाव टाका."

मी तिला समजावलं. नाव छापलं की लोक बोलतील, संस्थेची माणसं नाराज होतील, विचार करा. ती ऐकून घेत होती, पण मान हलवत होती. मग ती बोलली, सावकाश, खाली बघत.

"लगनाच्या टायमाला मला कोनी इचारलं न्हाई. माघारी आनलं तवा बी कोनी इचारलं न्हाई. मोटारीच्या टरेनिंगला भाऊनं नाव घालून देल्तं, चांगलंच झालं, पन इचारलं न्हव्तं. पहिल्यांदा कोनीतरी इचारलं, अन् मी न्हाई म्हनले. ते बिननावाचं ठिवता का, ताई?"

इतकी वर्षं मी हक्कांबद्दल बोलते, भाषणंही देते, आणि नाव झाकणं म्हणजेच माणसाचा मान राखणं, असं धरून चालते. इथे एक बाई आपला मान मागत होती आणि मी तो झाकून ठेवायला निघाले होते. मी वही उघडली आणि विचारलं, नाव कसं लिहू? संस्थेच्या यादीत मधे नवऱ्याचं नाव होतं.

"नुस्तं बेबीनंदा लिहा," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "म्होरं मोटारवाली लिहा."

मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. बेबीनंदा मोटारवाली यांना मुलाखतीबद्दल विचारलं. त्या नाही म्हणाल्या.

तिने कपाळाला आठ्या घातल्या. "मी नाही कुठं म्हनले?"

मला वाटलं, बदललं का हिचं मन. पायलही बघत राहिली.

"मी न्हाई म्हनले," बेबीनंदा म्हणाली. "तसंच लिहा."

मी 'नाही' हा शब्द खोडला आणि 'न्हाई' लिहिलं. तिने वही आपल्याकडे वळवली, काळं बोट कागदाला लागू न देता ओळ स्वतः वाचली, आणि गिऱ्हाईक थांबलंय म्हणून दुकानाकडे गेली.